क्रीडा प्रशिक्षकाची कारकीर्द : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलची परंपरा आणि चंद्रकांत पंडित यांची वाटचाल

सारांश : अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षक हा मानाचा, मोठ्या मानधनाचा आणि तितकाच अस्थिर व्यवसाय आहे. या व्यवसायाची सुरुवात मात्र अध्यापकपदापासून झाली. प्रस्तुत लेखात त्या परंपरेतील काही प्रमुख कारकिर्दींचा परिचय करून देऊन, महाराष्ट्रातील त्यांच्याशी सर्वांत जवळची म्हणता येईल अशी चंद्रकांत पंडित यांची क्रिकेट प्रशिक्षक म्हणून झालेली वाटचाल तपासली आहे. प्रशिक्षकाच्या कार्याचे मोजमाप केवळ विजयांनी न करता, तो संस्था सोडून गेल्यावर तेथे काय शिल्लक राहते यावरून करावे, असे प्रतिपादन या लेखात केले असून त्या अनुषंगाने महाविद्यालयीन क्रीडा संचालकाच्या स्थानाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : क्रीडा प्रशिक्षक, अमेरिकन फुटबॉल, रणजी करंडक, चंद्रकांत पंडित, क्रीडा संचालक, नाशिक.

१. प्रस्तावना

क्रीडाक्षेत्राची चर्चा आपल्याकडे बहुधा खेळाडूंभोवती फिरते. विजेत्या खेळाडूचा सत्कार होतो, त्याचे छायाचित्र महाविद्यालयाच्या वार्षिकांकात येते. परंतु त्याला घडविणाऱ्या प्रशिक्षकाच्या जीवनक्रमाचा अभ्यास क्वचितच होतो. प्रशिक्षक कोठून येतो, त्याची उमेदवारी कशी होते, त्याला अधिकार किती असतात, त्याचे यश कसे मोजले जाते आणि अपयश आल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न शिक्षणक्षेत्राशीही निगडित आहेत. कारण प्रशिक्षण हा अध्यापनाचाच एक प्रकार आहे.

या प्रश्नांचा सर्वांत दीर्घ आणि नोंदबद्ध इतिहास अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सापडतो. तेथे प्रशिक्षकाच्या प्रत्येक हंगामातील जय-पराजयांची नोंद शंभर वर्षांहून अधिक काळ ठेवली गेली आहे. आपल्याकडे महाविद्यालयीन पातळीवर असा पूर्णवेळ व्यवसाय विकसित झालेला नाही. एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जाणारा, कराराने बांधलेला आणि निकालांवर जोखला जाणारा प्रशिक्षक मराठी समाजात पाहायचा झाल्यास तो राज्य संघटनांच्या क्रिकेटमध्येच पाहावा लागतो. चंद्रकांत पंडित हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२. अमेरिकन फुटबॉल : खेळाची रचना आणि प्रशिक्षकाचे अधिकार

आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर हे नाव आहे. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून निराळा, रग्बीशी नाते सांगणारा खेळ आहे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राण आणि अंगरक्षक साधने घातलेले प्रत्येकी अकरा खेळाडू, आणि शंभर यार्ड लांबीचे मैदान ही त्याची बाह्य लक्षणे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जावे लागते. तसे झाल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न झाल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढील चाल कोणती खेळायची हे सामान्यतः मैदानाबाहेरून प्रशिक्षकवर्ग ठरवतो. चालींची आखणी आधीच केलेली असते, सराव अनेक महिने चाललेला असतो आणि सामन्यात त्यांपैकी एकेक चाल संकेताने कळविली जाते. त्यामुळे प्रशिक्षकाचा निर्णय खेळाच्या प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष दिसतो. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमण व बचाव यांचे स्वतंत्र समन्वयक आणि प्रत्येक जागेच्या खेळाडूंसाठी सहायक प्रशिक्षक असतात.

क्रिकेटमध्ये स्थिती वेगळी आहे. चेंडू कोणाला द्यायचा, क्षेत्ररचना कशी करायची, डाव केव्हा घोषित करायचा, हे परंपरेने कर्णधार ठरवतो. प्रशिक्षकाचे काम मुख्यतः सामन्यापूर्वीचे : खेळाडू हेरणे, सराव आखणे आणि वृत्ती घडविणे. म्हणून क्रिकेट प्रशिक्षकाचा प्रभाव लवकर दिसत नाही आणि सहज सिद्धही करता येत नाही. दोन्ही क्षेत्रांची तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. प्राध्यापक-प्रशिक्षक ते करारबद्ध प्रशिक्षक

अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या संस्थांच्या विद्यार्थ्यांत झाला. त्या काळी संघ विद्यार्थीच चालवीत. प्रशिक्षक नावाचे पद नव्हते. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० नंतर खेळाचे आजचे नियम घडविण्यात पुढाकार घेतला. येलमध्येच शिकलेल्या अमोस अलोन्झो स्टॅग यांच्यापासून प्रशिक्षकपदाला संस्थात्मक रूप आले.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून नेमले आणि त्यांना अध्यापकवर्गात कायम स्थान दिले. प्रशिक्षक हा विद्यापीठाचा शिक्षक आहे, ही भूमिका या नेमणुकीतून प्रथमच अधिकृत झाली. स्टॅग तेथे १९३२ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस हंगाम राहिले. वयाच्या सत्तराव्या वर्षी सक्तीच्या निवृत्तीमुळे त्यांना पद सोडावे लागले. तरीही त्यांनी कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक येथे आणखी चौदा हंगाम प्रशिक्षण दिले. १९६५ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्टॅग यांच्यानंतर शिकागोत जे घडले ते अधिक विचारणीय आहे. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष असताना विद्यापीठाने १९३९ च्या अखेरीस फुटबॉल संघच बंद केला. विद्येच्या संस्थेत प्रेक्षकांसाठी चालणाऱ्या खेळाला स्थान नसावे, अशी त्यांची धारणा होती. स्टॅग यांच्या नावाचे मैदान ओस पडले आणि त्याच्या प्रेक्षागृहाखालील जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित आण्विक शृंखला-अभिक्रिया घडवून आणली. एकेचाळीस वर्षांच्या कार्यानंतरही खेळाची परंपरा त्या संस्थेत टिकली नाही. ती व्यक्तीच्या तेजावर उभी होती. विद्यापीठाने ती आपली मानली नव्हती, असा याचा अर्थ लावता येतो.

नोत्र दाम विद्यापीठाचे नूट रॉकने हे दुसऱ्या पिढीचे प्रतिनिधी. ते तेथेच शिकले, रसायनशास्त्र विभागात अध्यापन करू लागले आणि १९१८ ते १९३० या काळात मुख्य प्रशिक्षक राहिले. त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले आणि अवघे १२ गमावले. ३१ मार्च १९३१ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा प्रशिक्षक हा राष्ट्रीय कीर्तीचा पुरुष होऊ शकतो, हे प्रस्थापित झाले होते.

तिसरे उदाहरण लुइझियानातील ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे एडी रॉबिन्सन यांचे. १९४१ मध्ये रुजू झालेले रॉबिन्सन १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेत राहिले आणि त्यांनी ४०८ विजय मिळविले. वर्णभेदामुळे मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद असलेल्या तरुणांना त्यांनी घडविले. त्यांचा विद्यार्थी डग विल्यम्स हा १९८८ मध्ये व्यावसायिक अजिंक्यपदाचा सामना जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, ठरला. रॉबिन्सन यांच्या निवृत्तीनंतर ग्रॅम्ब्लिंगचे प्रशिक्षकपद याच विल्यम्सकडे आले. शिकागोत गुरूबरोबर परंपरा संपली. ग्रॅम्ब्लिंगमध्ये ती शिष्याच्या हाती गेली.

आजच्या व्यवस्थेचे प्रातिनिधिक नाव निक सेबन यांचे आहे. १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी-सहायक म्हणून सुरुवात करून ते टोलेडो, मिशिगन स्टेट आणि लुइझियाना स्टेट या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षक झाले. मध्ये दोन वर्षे व्यावसायिक संघाकडे काढून २००७ मध्ये ते अलाबामा विद्यापीठात आले. लुइझियानात एक आणि अलाबामात सहा अशी एकूण सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. अखेरच्या वर्षांत त्यांचे वार्षिक मानधन एक कोटी डॉलरहून अधिक होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती म्हणजे तेथील सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असते.

या व्यवसायाची शिडी ठरलेली आहे : खेळाडू, विद्यार्थी-सहायक, सहायक प्रशिक्षक, समन्वयक, लहान विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक आणि मग मोठे विद्यापीठ. प्रत्येक पायरीवर गाव बदलते, कुटुंब हलते. दोन-तीन हंगाम वाईट गेले तर करार मुदतीपूर्वी संपविला जातो आणि उरलेल्या मुदतीची भरपाई देऊनही प्रशिक्षक बदलला जातो. जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. हार्पर यांनी शिक्षक म्हणून नेमलेल्या प्रशिक्षकाचे रूपांतर अशा प्रकारे सव्वाशे वर्षांत व्यवस्थापकात झाले आहे.

४. चंद्रकांत पंडित : जडणघडण

३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत जन्मलेले चंद्रकांत पंडित हे रमाकांत आचरेकर यांचे विद्यार्थी. आचरेकर स्वतः केवळ एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते. स्टेट बँकेतील नोकरी सांभाळून त्यांनी शिवाजी पार्कवर कित्येक वर्षे मुलांना शिकविले. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री या सन्मानांनी त्यांचा गौरव झाला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे अशी त्यांच्या शिष्यांची मालिका सर्वश्रुत आहे. एका जागी राहून, एकाच मैदानावर, मुलांच्या कोवळ्या वयात काम करणारा हा शिक्षक-प्रशिक्षक होता.

यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून पंडित १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. संघात इतर यष्टिरक्षक असल्याने त्यांना सलग संधी मिळाली नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मुंबईनंतर ते मध्य प्रदेशकडून खेळले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बंगळूरला झालेल्या या सामन्यात पहिल्या डावाची आघाडी मिळवूनही कर्नाटककडून ९६ धावांनी पराभव झाला. कर्णधार म्हणून हातातोंडाशी आलेला करंडक निसटला, ही घटना त्यांच्या पुढील आयुष्यात पुन्हा महत्त्वाची ठरणार होती.

प्रशिक्षक म्हणून त्यांना पहिले मोठे यश मुंबईत लाभले. २००२-०३ आणि २००३-०४ या सलग दोन हंगामांत मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुन्हा मुंबईकडे आल्यावर २०१५-१६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने पुण्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्राला डावाने हरवून ४१ वे अजिंक्यपद मिळविले. पुढील हंगामातही संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. परंतु इंदूरला गुजरातकडून पराभूत झाला. त्यानंतर मुंबईच्या प्रशिक्षकपदी समीर दिघे आले. एक अजिंक्यपद आणि एक उपविजेतेपद लागोपाठ मिळवूनही पद टिकले नाही. अमेरिकन प्रशिक्षकाच्या जीवनातील अस्थिरता येथे वेगळ्या रूपात दिसते. जेथे विजय हीच नित्याची अपेक्षा असते, तेथे दुसरा क्रमांक अपयशच गणला जातो.

५. विदर्भ आणि मध्य प्रदेश : अपेक्षा नसलेल्या संघांची उभारणी

मुंबईत मिळालेले यश कोणाचे, परंपरेचे की प्रशिक्षकाचे, असा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर २०१७ नंतरच्या टप्प्यात मिळते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत होता. पण साठ वर्षांत तो एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नव्हता. पंडित प्रशिक्षक म्हणून आले त्या पहिल्याच हंगामात, २०१७-१८ मध्ये, फैज फझल यांच्या नेतृत्वाखालील या संघाने करंडक जिंकला.

ते यश कसे आले हे तपशिलात पाहणे उद्बोधक आहे. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरविले. अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानी याने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्यानेच दिल्लीविरुद्ध सलग तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी केवळ एकदाच झाली होती. तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने शतक केले आणि विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. संघात वसीम जाफर यांच्यासारखा अनुभवी पाहुणा खेळाडू होता, हे खरे. तथापि निर्णायक क्षणी उभे राहिलेले अनेक खेळाडू विदर्भाचे होते. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन डावांत मिळून अकरा बळी घेतले आणि विदर्भाने ७८ धावांनी सामना जिंकून अजिंक्यपद राखले.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. ज्या राज्याचे नेतृत्व करताना अंतिम सामना गमावला होता त्याच राज्याचे ते आता प्रशिक्षक होते. जून २०२२ मध्ये त्याच बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशची गाठ मुंबईशी पडली. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली. संघाने ५३६ धावा उभारल्या आणि अखेर सहा गडी राखून पहिला रणजी करंडक मिळविला. कर्णधार म्हणून पराभूत झालेल्या मैदानावर तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून मिळालेला हा विजय होता. मुंबईसह तीन, विदर्भासह दोन आणि मध्य प्रदेशसह एक अशी सहा अजिंक्यपदे त्यांच्या नावावर जमा झाली.

या यशाचे श्रेय सामान्यतः त्यांच्या कठोर शिस्तीला दिले जाते. वेळेचे बंधन, दीर्घ शिबिरे, कोणाचीही जागा निश्चित न मानणे ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये सांगितली जातात. परंतु शिस्त हे अर्धेच स्पष्टीकरण आहे. ज्या दोन संघटनांत त्यांना असे यश मिळाले, तेथे अधिकार आणि मोकळीकही मिळाली होती. अधिकार नसलेल्याच्या हातात शिस्त ही केवळ तक्रारीचे कारण ठरते.

याचा प्रत्यय पुढील टप्प्यात येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ते इंडियन प्रीमियर लीगमधील कोलकाता नाइट रायडर्स संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये संघ सातव्या क्रमांकावर राहिला, २०२४ मध्ये अजिंक्य ठरला, २०२५ मध्ये बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पद सोडले. अजिंक्यपदाच्या वर्षी गौतम गंभीर संघाचे मार्गदर्शक होते, त्यामुळे श्रेयाच्या वाटणीचीही चर्चा झाली. दोन महिन्यांच्या स्पर्धेसाठी जगभरातून एकत्र येणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांना शिबिरातील शिस्त रुचेलच असे नाही, आणि तसे मत काही खेळाडूंनी उघडपणे मांडलेही. घडविण्याचे प्रशिक्षण आणि जुळविण्याचे प्रशिक्षण ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पंडित यांचे बळ प्रामुख्याने पहिल्या प्रकारात दिसते.

६. प्रशिक्षक गेल्यानंतर

प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना तो असतानाचे विजय मोजले जातात. त्याहून कठीण कसोटी तो गेल्यानंतरची आहे. विदर्भाच्या बाबतीत ही कसोटी आता पाहता येते. पंडित यांच्यानंतर विदर्भाचा संघ विस्मृतीत गेला नाही. २०२३-२४ मध्ये तो उपविजेता ठरला आणि २०२४-२५ मध्ये उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली, अक्षय वाडकर याच्या नेतृत्वाखाली तिसऱ्यांदा अजिंक्य झाला. त्या हंगामात हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील विक्रम केला. २०१८ च्या अंतिम सामन्यात शतक करणारा नवोदित यष्टिरक्षक सात वर्षांनी करंडक स्वीकारणारा कर्णधार झाला, ही एकच बाब बरेच काही सांगून जाते.

याचे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देणे योग्य होणार नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने मैदाने, अकादमी आणि वयोगटांचे संघ यांवर दीर्घकाळ परिश्रम घेतले होते. प्रशिक्षकाने त्या भूमीत पीक काढले आणि संघटनेने पुढची पेरणी थांबविली नाही. शिकागो विद्यापीठात स्टॅग यांना एकेचाळीस वर्षे मिळूनही परंपरा उरली नाही. विदर्भात तीन हंगामांचे काम टिकले. कालावधी किती यापेक्षा संस्था ते काम आपले मानते की नाही, हे अधिक निर्णायक आहे.

७. नाशिकचा अनुभव

वरील विवेचन नाशिकला अपरिचित नाही; मात्र येथे त्याचे रूप निराळे आहे. दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात नाशिक जिल्ह्याने गेल्या काही दशकांत जे नाव मिळविले, त्यामागे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचे काम आहे. हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत भारताला राष्ट्रकुल पदक मिळण्याचा योग १९५८ मधील मिल्खा सिंग यांच्यानंतर तेव्हाच आला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकले. पुढे मोनिका आथरे २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधव हिने त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले.

एका मुलीच्या यशानंतर त्याच मार्गाने दुसरी आणि तिसरी येते, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. हा प्रशिक्षक संघ बदलत फिरला नाही. तो एका शहरात राहिला आणि मुली त्याच्याकडे येत गेल्या. धावण्याला खर्चिक साधने लागत नाहीत. पण रोजची वेळ, रोजचे लक्ष आणि अनेक वर्षांचे सातत्य लागते. आचरेकरांचे शिवाजी पार्क आणि रॉबिन्सन यांचे ग्रॅम्ब्लिंग यांच्या जातकुळीचे हे काम आहे. तैपेईचे पदक तर विद्यापीठ स्पर्धेतील, म्हणजे विद्यार्थिनीचे पदक होते. त्यामुळे महाविद्यालयांचा या कामाशी संबंध किती, हा प्रश्न टाळता येत नाही.

८. महाविद्यालयांपुढील प्रश्न

आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक हे पद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्याची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची असून नियुक्तीसाठी नेट किंवा सेट यांबरोबर शारीरिक क्षमतेची चाचणीही विहित आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर पार करावे, असा त्यातील निकष आहे. म्हणजे हार्पर यांनी १८९२ मध्ये जे केले, प्रशिक्षकाला अध्यापकवर्गात घेण्याचे, ते तत्त्वतः आपल्याकडे झालेले आहे.

अडचण पुढे आहे. पदोन्नतीच्या मूल्यांकनात उपस्थिती, महाविद्यालयांतर्गत स्पर्धांचे आयोजन, बाह्य स्पर्धांतील सहभाग, मैदान व सुविधांचा विकास, विद्यार्थ्यांची विद्यापीठ वा राज्य संघात निवड अशा बाबी विचारात घेतल्या जातात. या सर्व बाबी आवश्यक आहेत. परंतु त्या एका वर्षात मोजता येणाऱ्या आहेत. प्रथम वर्षाला आलेला विद्यार्थी तृतीय वर्षाला किती पुढे गेला, याची नोंद हा त्यातील स्वतंत्र निकष नाही. साहजिकच आयोजनाला महत्त्व येते आणि घडविणे मागे पडते. अनेकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर निवड चाचणी होते, संघ जमतो, स्पर्धा संपते आणि संघही विखुरतो. निवडीत यश मिळविणारा विद्यार्थी बहुतेक वेळा बाहेरच्या एखाद्या मैदानावर, दुसऱ्याच प्रशिक्षकाकडे तयार झालेला असतो. महाविद्यालय त्याचे नाव तेवढे लावते.

यात संचालकाचा दोष मानणे अन्यायाचे होईल. बहुतांश महाविद्यालयांत एकच संचालक असतो आणि त्याच्याकडे सर्व खेळ, प्रवेशप्रक्रियेतील कामे, परीक्षा आणि मूल्यांकनाची कागदपत्रे अशा सर्व जबाबदाऱ्या येतात. विद्यार्थ्यांच्या अडचणीही आहेत. नाशिकमध्ये द्वारका चौकातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा आणि पुणे या महामार्गांवरील गावांतून अनेक विद्यार्थी रोज बसने शहरातील महाविद्यालयांत येतात. तासिका संपल्यावर परतीची बस गाठायची असते. सायंकाळच्या सरावाला थांबले तर घरी पोहोचायला रात्र होते. वेळापत्रक ठरविताना मैदानाचा विचार झाला नाही तर उत्तम संचालकही हतबल ठरतो. हा प्रश्न क्रीडा विभागाचा एकट्याचा नसून प्राचार्य, वेळापत्रक समिती आणि सर्व विषयांचे अध्यापक यांचा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या श्रेयांक रचनेत क्रीडा व आरोग्य यांना सहअभ्यासक्रम म्हणून स्थान मिळाले आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून होत आहेत. या दोन्हींमुळे संधी वाढली आहे. मात्र श्रेयांकही केवळ उपस्थितीपुरता राहिला तर कागद वाढतील, धावपटू वाढणार नाहीत.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे दोन मार्ग आहेत : एका संस्थेत राहून पिढ्या घडविणारा आणि कराराने संस्था बदलत संघ उभारणारा. पहिल्या मार्गाचे उदाहरण रॉबिन्सन, आचरेकर आणि नाशिकचे विजेंद्र सिंग. दुसऱ्याचे सेबन आणि चंद्रकांत पंडित. दोन्ही मार्ग मोलाचे आहेत. परंतु महाविद्यालयाला पहिल्याची गरज अधिक आहे.

२) पंडित यांचे यश केवळ शिस्तीचे नसून अधिकार, मोकळीक आणि अपेक्षाभंग सोसण्याची संघटनेची तयारी यांचेही आहे. या तीन गोष्टींशिवाय शिस्तीचे अनुकरण करणे निष्फळ ठरेल.

३) प्रशिक्षकानंतर परंपरा टिकते ती संस्थेमुळे. शिकागो आणि विदर्भ ही त्याची परस्परविरुद्ध उदाहरणे होत.

४) क्रीडा संचालकाच्या मूल्यांकनात स्पर्धांच्या संख्येबरोबर विद्यार्थ्याच्या तीन-चार वर्षांतील प्रगतीचा समावेश व्हावा, किमान एका खेळासाठी संचालकाला रोजचा निश्चित सरावकाळ मिळावा आणि तो वेळापत्रकातच नोंदविला जावा.

अमेरिकन विद्यापीठांनी प्रशिक्षकाला शिक्षक म्हणून आत घेतले आणि कालांतराने बाजाराच्या स्वाधीन केले. आपल्या महाविद्यालयांत तो कागदोपत्री शिक्षक आहेच. त्याच्या हाती शिकविण्यासाठी विद्यार्थी आणि वेळ देणे तेवढे उरले आहे. त्यासाठी कोट्यवधींचे मानधन लागत नाही. वेळापत्रकातील एक तास लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ज्या त्या महाविद्यालयाकडेच आहे.